मदत हवी आहे: पेद्रो सांचेझ नगरसेवक ते पंतप्रधान, मधला एक दुवा

मंडळी, स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्यावर मराठीत लेख लिहितेय, एका ठिकाणी अडलेय. 2004 मध्ये ते माद्रिद महापालिकेत नगरसेवक झाले, 2009 मध्ये पेद्रो सोल्बेस यांनी खासदारकी सोडली तेव्हा संसदेत गेले, 2011 ला हरले आणि 2013 मध्ये परत दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर आले. म्हणजे तिन्ही वेळा यादीतला पुढचा माणूस म्हणून, पोटनिवडणूक नाहीच! आपल्या वाचकाला हे नीट समजावून सांगावंच लागेल, कारण तिथे मतदार पक्षाच्या बंद यादीला, म्हणजे पक्षानेच क्रम ठरवलेल्या उमेदवारांच्या यादीला, मत देतो.

इथवर क्लिअर आहे. 2016 मध्ये खासदारकी सोडली आणि 2018 ला खासदार नसताना तेव्हाचे पंतप्रधान राहॉय यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव जिंकून पंतप्रधान झाले, तेही राज्यघटनेच्या कलम 113 मध्ये सापडलं.

प्रश्न 2009 चा आहे. संसदेच्या साइटवरचा परिचय आणि निवडणूक कायदा भाषांतर करून वाचला पण उलगडा होत नाहीये. स्पॅनिश मूळ मजकूर चालेल, विकिपीडिया नको, संपादक घेत नाहीत. खासदार झाल्यावर नगरसेवकपद सोडणं तिथे कायद्यानेच बंधनकारक असतं की तो पक्षाचा किंवा स्वतःचा निर्णय असतो, आणि हे कुठल्या कलमात मिळेल?