दोन सॉकेटचा बोर्ड पण प्रोसेसर एकच, चालेल का?

रावेरकर: जुना दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर बसतील असा सर्व्हर बोर्ड घेतला, इंटेलचा झिऑन ई५ २६८० व्ही४ प्रोसेसर एकच टाकलाय, १४ कोअर आहेत, केळीच्या गाड्यांचा हिशोब, बिलं आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग एवढंच काम, एक पुरून उरतो. दुसरा टाकला की अजून १२० वॉटपर्यंत गरमी, आणि आपल्याकडे मे मधे पारा ४५ ला, त्यात लाईट गेली की सगळं यूपीएसवर. माझं तर मत आहे एकच ठेवा, लागला तर पुढे टाकू.

धुळेकर: नाही पटलं भो. अर्धा बोर्ड बंद पडतो ते बोलला नाहीस. दुसऱ्या सॉकेटचे रॅमचे स्लॉट बंद, त्याच्या ४० पीसीआयई लेन, म्हणजे कार्डाच्या स्लॉटांना जोडणारे रस्ते, गेल्या. आमच्याकडे एका पोराने रेड (RAID) कार्ड, म्हणजे हार्डडिस्क जोडायचं कार्ड, खालच्या स्लॉटला लावलं, दिसेचना, दोन दिवस कार्ड खराब कार्ड खराब करत बसला, शेवटी बदलायला निघाला तेव्हा कळलं तो स्लॉटच दुसऱ्या सॉकेटचा होता. एकच चालवायचा तर एका सॉकेटचाच बोर्ड घ्यायचा ना.

रावेरकर: मॅन्युअलमधलं चित्र बघूनच बसवलंय. प्रोसेसर पहिल्याच सॉकेटला, चार चॅनेलला रॅमच्या चार स्टिक. उलट सगळी रॅम जवळचीच राहते, शेजारच्या प्रोसेसरकडून क्यूपीआयवरून, म्हणजे दोन प्रोसेसरमधल्या जोडरस्त्यावरून, मागवावी लागत नाही. आणि या भावात एका सॉकेटचा एवढा दणकट बोर्ड दाखव मला.

भुसावळवाला: रिकाम्या सॉकेटवर कव्हर आहे का पण? एलजीए २०११ जातीचा सॉकेट, पिना बोर्डावरच असतात, केसापेक्षा थोड्या जाड. माझ्या एका बोर्डाला कव्हर नव्हतं, साफ करताना फडक्याचा धागा अडकला आणि तीन पिना आडव्या झाल्या, भिंग घेऊन सुईने सरळ करत रात्र गेली, एक तुटलीच. आता तिथे दुसरा प्रोसेसर टाकायची सोयच राहिली नाही. पुढे टाकू म्हणणाऱ्याने आधी ती जागा जपावी. आणि दुसरा अगदी हाच मॉडेल लागतो, दुसरा कुठला चालत नाही, म्हणून आत्ताच घेऊन ठेव.

रावेरकर: कव्हर आहे, पक्कं बसलंय. रिकाम्या सॉकेटवर हीटसिंकच्या (गरमी खेचणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) जागी बसवायची डमी नाही मिळाली, पुठ्ठा कापून लावलाय.

धुळेकर: पुठ्ठा?? डमी कशाला असते, हवा मोकळ्या जागेतून निसटू नये, चालू प्रोसेसरवरूनच जावी म्हणून. पुठ्ठा गरमीने वाकला, पंख्यात गेला तर? आज रात्री बंद कर अन पत्रा कापून आण.