शब्दचर्चा: ‘एन्कॅप्सुलेशन’ला ‘संपुटन’ म्हणावे का?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे): घरच्या राउटरमध्ये वापरकर्तानाव आणि पासवर्ड भरून जी पीपीपीओई (इथरनेटवरून पीपीपी, म्हणजे दोन टोकांना जोडणारा प्रोटोकॉल, चालवण्याची पद्धत) जोडणी सुरू होते, तिच्यावर मी मराठीत टिपण लिहीत आहे. ‘एन्कॅप्सुलेशन’साठी (डेटा पाठवताना त्याला नियंत्रणाची माहिती जोडणे) ‘संपुटन’ आणि ‘सेशन’साठी ‘सत्र’ हे शब्द योग्य ठरतील का?

उत्तर: ‘संपुटन’ जपून वापरावे. सप्तशतीच्या पाठात श्लोकाच्या आधी आणि नंतर एकच मंत्र म्हटला की त्याला संपुट म्हणतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी बंदिस्त करणे हा या शब्दाचा गाभा आहे. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे तारेवरून एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला, तो चपखल बसतो, कारण तिच्या पुढे हेडर (पत्ते वगैरे माहितीचा भाग) आणि शेवटी चूक तपासणारे चार बाइट असतात. सीरियल तारेवरून जाणाऱ्या पीपीपीलाही दोन्ही टोकांना खुणेचे बाइट असत. मात्र इथरनेटवर ते आणि पीपीपीची स्वतःची चूक-तपासणी दोन्ही गाळली जातात, कारण ते काम इथरनेट करतेच. १९९९ च्या आरएफसी २५१६ या तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे पीपीपीओई फक्त पुढे सहा बाइट जोडते: आवृत्ती आणि प्रकार मिळून एक बाइट, कोडचा एक, सत्रक्रमांकाचे दोन आणि लांबीचे दोन. त्यामागे पीपीपीच्या प्रोटोकॉल-क्रमांकाचे दोन बाइट येतात. हे आठ वजा झाल्यामुळेच इथरनेटच्या १५०० बाइटांपैकी आयपी पॅकेटला १४९२ उरतात. म्हणून इथे ‘हेडर जोडणे’ असेच लिहावे. ‘आवरण’ तर मुळीच नको, त्यातून सगळीकडून झाकल्याचा भास होतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग ‘लॉगिन झाल्यावर सत्र सुरू होते’ हे वाक्य चालेल ना?

उत्तर: चालणार नाही. ‘सत्र’ म्हटले की आपल्याला आधी शाळेचे सत्र आठवते, तरीही शब्द चांगला आहे. वाक्यातला क्रम मात्र उलटा आहे. राउटर प्रथम सर्वांना उद्देशून हाक देतो, सेवापुरवठादाराचा सर्व्हर देकार पाठवतो, राउटर विनंती करतो आणि सर्व्हर सत्रक्रमांक देतो. या चारही फ्रेमांवर षोडशमान (सोळा अंकांच्या) पद्धतीतला ८८६३ हा प्रकार-क्रमांक असतो. क्रमांक मिळताच सत्र अस्तित्वात येते. पासवर्डची तपासणी त्यानंतर, ८८६४ क्रमांकाच्या फ्रेमांतून, त्या सत्राच्या आतच होते. शिवाय नुसत्या सत्रक्रमांकाने सत्र ओळखू येत नाही, त्याच्या जोडीला दोन्ही टोकांचे मॅक पत्ते (यंत्राच्या नेटवर्क-जोडणीचे ओळखक्रमांक) लागतात. तेव्हा टिपणात ‘एकमेव सत्रक्रमांक’ असे लिहिले असेल, तर त्यातला ‘एकमेव’ काढावा.