सोसायटीचा एसटीपी स्वखर्चाने उभारून पाणी विकायचं: गणित जमतं का?

मोशी_गुंतवणूक

पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीतल्या २६४ सदनिकांच्या एका सोसायटीचा प्रस्ताव समोर आहे. बिल्डरने दिलेला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बंद आहे. टाक्या धडधाकट, पण यंत्रसामग्री बदलावीच लागेल. आम्ही तिघांनी मिळून ५२ लाख घालायचे, एमबीबीआर (प्लास्टिकच्या तरंगत्या तुकड्यांवर जिवाणू वाढवून सांडपाणी शुद्ध करणारी पद्धत) बसवायचा, दहा वर्षं आम्हीच चालवायचा, मग सोसायटीच्या ताब्यात द्यायचा. सोसायटी जागा फुकट देणार. वीज आमची.

प्लांट बसवून देणाऱ्या कंपनीने मांडलेलं गणित असं: रोज ११० किलोलिटर पाणी तयार होणार. त्यातलं ६० सोसायटी फ्लशिंग आणि बागेसाठी ३५ रुपये किलोलिटरने घेणार, उरलेलं ५० बांधकामवाल्यांना गेटवर ६० रुपयांनी. म्हणजे रोजचे ५,१०० रुपये, वर्षाला साडेअठरा लाखांच्या वर. चालवण्याचा खर्च किलोलिटरमागे १५ रुपये. चार वर्षांत पैसे वसूल, पुढची सहा वर्षं नफा.

कोटेशनमध्ये ८ घनमीटर मीडिया (तेच प्लास्टिकचे तुकडे), १५० घनमीटर प्रतितासाचे दोन ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी यंत्रं; एक चालू, एक राखीव), ट्यूब सेटलर (गाळ खाली बसवणारा भाग), सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा-फिल्टर) आणि हायपो (जंतू मारणारं क्लोरीनचं द्रावण) डोसिंग आहे. जुन्या टाक्या: इक्वलायझेशन (सांडपाणी साठवून एकसारखं पुढे सोडणारी) ३० घनमीटर, एअरेशन (हवा सोडून प्रक्रिया करणारी) ५० घनमीटर. इमारतीत ड्युअल प्लंबिंग (फ्लशिंगसाठी वेगळी पाइपलाइन) आहे. महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे सोसायटी टँकरवरच तगून आहे आणि मागणी नक्की आहे, असं कंपनीचं म्हणणं. कुठे पाणी मुरतंय?

---

वहीखातं

११० हा आकडा प्लांटच्या क्षमतेचा आहे, पाण्याचा नाही. पैसे मीटरवरून गेलेल्या लिटरचे मिळतात.

२६४ पैकी २२० घरांत माणसं राहतात असं धरा आणि घरटी साडेतीन माणसं. म्हणजे ७७०. माणशी १३५ लिटर, त्यातलं ८५ टक्के सांडपाणी म्हणून परत येतं: ८८ किलोलिटर. बॅकवॉश (फिल्टर धुणं) आणि गाळात ५ टक्के गेलं की हाती ८३ उरतात. फ्लशिंगला माणशी ४५ लिटर हा कागदावरचा निकष झाला. दोन बटणांच्या टाक्या असतील तर रोज ३० किलोलिटरच्या वर फारसं खपत नाही. बाग १० घेईल, तीही वर्षाचे आठ महिने. पावसाळ्यात बागेला पाणी कोण घालतं?

बाहेरच्या गिऱ्हाइकाचं तर आणखी अवघड. पुणे महापालिका स्वतःच्या प्रकल्पांमधलं प्रक्रिया केलेलं पाणी बांधकामांना टँकरने पुरवते. असा सरकारी पुरवठा आवाक्यात असेल तर बिल्डर फक्त वाहतुकीचे पैसे मोजतो, तुमचे ६० रुपये कशाला देईल? शेजारी एखादी मोठी साइट चालू असेल तर दीड-दोन वर्षं चांगली जातील, स्लॅब संपले की गिऱ्हाईकही संपलं. सरासरी २० किलोलिटर, वर्षातले २०० दिवस धरा. हेही सढळ हाताने धरलंय.

जमा: फ्लशिंगचे ३ लाख ८३ हजार, बागेचे ८४ हजार, बाहेरचे २ लाख ४० हजार. सगळे मिळून ७ लाख ७ हजार.

खर्च: रोज १३० युनिट वीज, १२ रुपयांनी वर्षाचे ५ लाख ६९ हजार. दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर आणि एक बदली, १६ हजारांप्रमाणे ५ लाख ७६ हजार. हायपो, लॅबच्या चाचण्या, गाळ उचलणं आणि सुटे भाग मिळून सव्वादोन-अडीच लाख. एकूण १३ लाख ८० हजारांच्या आसपास. म्हणजे भांडवलाचा एक रुपयाही परत यायच्या आधीच वर्षाला पावणेसात लाखांचा खड्डा. दर माझे गृहीत आहेत, तुमचे टाका, पण चित्र फार बदलणार नाही. आणखी एक गोष्ट: ८८ ऐवजी ६० किलोलिटर आलं म्हणून ऑपरेटरचा पगार कमी होत नाही आणि ब्लोअरचं बिलही जवळपास तेवढंच राहतं. १५ रुपये किलोलिटर हा आकडा फक्त भरल्या प्लांटला, आणि तोही नुसत्या विजेपुरता, शोभतो.

त्यामुळे पाणी विकायचा व्यवहार करूच नका, सांडपाणी हाताळायची सेवा विका. वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवर टाका. ५२ लाख १२ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिना ७६-७७ हजार, वीज सोडून चालवण्याचा खर्च ६८ हजार. महिन्याला साधारण १ लाख ४५ हजार ठरावीक शुल्क, सदनिकेमागे ५५० रुपये, पाणी वापरा न वापरा. बाहेर विकलेल्या पाण्याचे पैसे सोसायटीशी निम्मे-निम्मे.

सोसायटीला हे परवडतं का, तेही बघा. ३० किलोलिटर म्हणजे दहा हजार लिटरचे रोज तीन टँकर वाचले. १,२०० रुपयांनी महिन्याला १ लाख ८ हजार, बागेचा टँकर धरला तर वर्षभराच्या सरासरीने आणखी २४ हजार. समोर तुमचं शुल्क अधिक ४७ हजारांची वीज. म्हणजे नुसत्या टँकरच्या बचतीतून त्यांचंही भागत नाही, महिना साठ हजार खिशातूनच जातात. बंद एसटीपीवरची नोटीस आणि नळजोड तोडण्याची टांगती तलवार ज्या कमिटीला खरोखर टोचते, तीच सही करेल. नाहीतर दुसऱ्या वर्षी 'शुल्क कमी करा' हे ठरलेलं.

---

डिफ्यूजर

वरचा हिशोब पटला. पण कोटेशनमधला प्लांट कागदावर तरी चालतो का? माझ्या मते नाही.

८८ किलोलिटर आणि बीओडी (जिवाणू खातात ती घाण, ती कुजायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापात) २८० मिग्रॅ/लि. धरला तर रोज २५ किलो बीओडी. मीडियाच्या एका चौरस मीटरवर रोज ६ ग्रॅम हा सुरक्षित भार. म्हणजे सुमारे ४,१७० चौ.मी. पृष्ठभाग हवा. ४०० चौ.मी. प्रति घनमीटरचा मीडिया असेल तर १०.४ घनमीटर लागतो. कोटेशनमध्ये ८ आहे. विक्रेता म्हणेल आमचा मीडिया ८०० चा आहे. तो आकडा एकूण पृष्ठभागाचा की आतल्या, संरक्षित पृष्ठभागाचा, ते लेखी घ्या. बाहेरच्या अंगाला घासाघासीत जिवाणूंचा थर टिकत नाही.

आणि हे झालं फक्त बीओडीपुरतं. खरा घोळ अमोनियाचा. नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट) करणारे जिवाणू हळू वाढतात, बीओडी खाणाऱ्यांपुढे त्यांना जागा मिळत नाही, म्हणून त्यांना वेगळा कप्पा लागतो. रोज ३ किलो अमोनिया-नायट्रोजन, चौरस मीटरला ०.९ ग्रॅम या भाराने आणखी ८.३ घनमीटर मीडिया. तुमची एअरेशन टाकी ५० घनमीटरची आहे, नशीब. मध्ये भिंत घालून २८ आणि २२ असे दोन भाग करा. दोन्हीकडे भरणा ३७-३८ टक्के होतो, तो चालतो. भरणा फार वाढवलात तर मीडिया नीट फिरत नाही, कोपऱ्यात ढीग होऊन आतून काळा पडतो. दोन्ही कप्प्यांच्या तोंडाला स्टेनलेस स्टीलची जाळी, भोकं मीडियापेक्षा लहान. ही जाळी स्वस्तातली असली की मीडिया थेट ट्यूब सेटलरमध्ये.

अमोनिया का टोचतो ते सांगतो, कारण पाणी नाकारलं जातं ते इथेच. हायपो टाकला की क्लोरीन आधी अमोनियाला चिकटतो आणि क्लोरामाइन बनतं. ते जंतू मारतं, पण फारच सावकाश. मुक्त क्लोरीन उरायला अमोनिया-नायट्रोजनच्या ८ ते १० पट क्लोरीन घालावा लागतो. पाण्यात १५ मिग्रॅ/लि. अमोनिया राहिला तर १२० मिग्रॅ/लि. क्लोरीन, म्हणजे ८३ किलोलिटरला रोज १० किलो, १० टक्क्यांच्या हायपोचे १०० लिटर. बजेटमध्ये असतात ४ लिटर. मग ऑपरेटर डोस वाढवत राहतो, संडासात स्विमिंग पूलसारखा वास येतो, रहिवासी तक्रार करतात, आणि एक दिवस कुणीतरी फ्लशिंगच्या लाइनला टँकरचं पाणी जोडतं. तुमचा खप तिथेच संपला.

नायट्रिफिकेशनला प्रत्येक मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मिग्रॅ अल्कलिनिटी (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता) लागते. ३४ मिग्रॅ असेल तर २४० च्या वर. धरणाचं मऊ पाणी असेल तर ती पुरत नाही, पीएच ६.५ च्या खाली जातो आणि सगळं थांबतं. सोडा अॅशच्या डोसिंगची सोय आत्ताच ठेवा. टँकरचं बोअरचं पाणी असेल तर बहुधा गरज पडणार नाही.

ब्लोअर: बीओडीला ३० किलो आणि अमोनियाला १४ किलो मिळून रोज ४४ किलो ऑक्सिजन. एमबीबीआरमध्ये जाड बुडबुड्यांचे पाइप असतात, तीन मीटर खोलीत प्रत्यक्ष ४ टक्केच ऑक्सिजन विरघळतो असं धरा. हवा लागते १६५ घनमीटर प्रतितास. इक्वलायझेशन टाकी ढवळायला आणखी ३५. म्हणजे २००, कोटेशनमध्ये १५०. इक्वलायझेशनची हवा वाचवायची म्हणून व्हॉल्व्ह बंद केला की ती टाकी सडते आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. इक्वलायझेशनची ३० घनमीटर क्षमता मात्र बरोबर आहे, आठ तासांची साठवण होते.

---

कलम_तेरा

कागदपत्रांचं राहिलं.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेंट टू ऑपरेट (प्लांट चालवण्याची परवानगी) कुणाच्या नावावर आहे? अशा सोसायट्यांत बऱ्याचदा तो बिल्डरच्याच नावावर असतो आणि मुदतही संपलेली असते. नूतनीकरण कोण करणार, बँक गॅरंटी कोण देणार, हे करारात हवं. कन्सेंटमधल्या अटी आधी वाचा: बीओडी १० मिग्रॅ/लि. आणि ६० टक्के पुनर्वापर असं लिहिलेलं बहुधा सापडेल. वरच्या हिशोबात ८३ पैकी सोसायटीत खपतात ४०. ६० टक्के गाठायला ५० हवेत. म्हणजे बाहेरची विक्री हा नुसता वरकड धंदा नाही, अट पुरी करायलाही ती लागेल. गाड्या धुणं, जिने-पार्किंग धुणं यांनाही लाइन द्या.

जीएसटी: सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं पाणी करमुक्त आहे, ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने ते स्पष्ट झालं. ऐकायला छान वाटतं, पण नुसतं पाणी विकलंत तर यंत्रांवर भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट (तो कर वळता करून घेणं) मिळत नाही. सेवा शुल्क लावलंत तर त्यावर कर लागतो आणि क्रेडिट मिळतं. त्यामुळे वहीखातं यांचा सेवेचा मार्ग इथेही बरा, फक्त १ लाख ४५ हजारांवर कर वेगळा लागेल हे सोसायटीला आधीच सांगा. सदनिकेचे ५५० मग ६५० च्या घरात जातात. दोन्ही प्रकारची जमा असेल तर क्रेडिट विभागावं लागतं, सीएला आत्ताच बसवा.

करार सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय करू नका. कमिटी पाच वर्षांत बदलते, करार दहा वर्षांचा आहे. मधेच मोडला तर सोसायटीने वर्षागणिक किती रक्कम द्यायची, त्याचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडा. यंत्रं तुमच्या मालकीची असल्याचं आणि पैसे चुकते होईपर्यंत ती हलवायचा हक्क असल्याचं लिहा. तरी खरं सांगायचं तर पुरलेले पाइप आणि भिंती उचलून नेता येत नाहीत. ५२ पैकी निम्मे तिथेच अडकलेले समजा. म्हणून तीन महिन्यांच्या शुल्काची अनामत घ्या.

आणि टाकीत माणूस उतरवणं. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे आणि प्लांट चालवणारे तुम्ही, म्हणजे जबाबदारी तुमची. पंप गाइड रेलवर बसवा म्हणजे वरूनच ओढून काढता येतो. गॅस डिटेक्टर आणि तिकाटणं खरेदीच्या यादीत घाला, गाळ यंत्राच्या गाडीनेच उपसायचा.

---

मोशी_गुंतवणूक

सगळ्यांचे आभार. म्हणजे या किमतीला नाहीच म्हणायचं का? आणि सोसायटी सोडून दुसरीकडे हाच पैसा लावावा का?

---

वहीखातं

जिथे वर्षभर पाणी पिणारं एकच मोठं तोंड आहे, तिथे जा. सेंट्रल एसी असलेलं ऑफिस, रुग्णालय, मोठी लाँड्री. कूलिंग टॉवर पावसाळ्यातही पाणी मागतो. फक्त ऑफिसात माणशी ४५ लिटरचाच निकष, म्हणजे हजार माणसांमागे जेमतेम ४० किलोलिटर सांडपाणी, आणि शनिवार-रविवारी जवळपास शून्य. प्लांट त्या मापाने लहान आणि इक्वलायझेशन मोठं लागतं. टॉवरला यूएफनंतर सॉफ्टनर हवा, अमोनिया तर नकोच, तांब्याच्या नळ्या खातो. शाळा, रिसॉर्ट अशा मोकळी जागा असलेल्या ठिकाणी नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेचं फायटोरिड (वनस्पतींच्या वाफ्यांतून सांडपाणी शुद्ध करणारी पद्धत) बघा. ब्लोअर नाही म्हणून वीज नगण्य, पण तिथे तुमची कमाई बांधून देण्याची, चालवण्याची नाही.

---

डिफ्यूजर

मोशीवाल्यांनी नाही म्हणण्याआधी एक करावं. इनलेटला सात दिवस फ्लो मीटर लावा, त्यात एक रविवार आलाच पाहिजे. दर दोन तासांनी नमुना घेऊन चोवीस तासांचा एकत्र नमुना बनवा आणि बीओडी, सीओडी, अमोनिया, अल्कलिनिटी, तेल-ग्रीस तपासून घ्या. सोबत ड्युअल प्लंबिंगची खात्री: गच्चीवरच्या फ्लशिंगच्या टाकीत खाण्याचा निळा रंग टाका आणि प्रत्येक विंगमध्ये वरचा, मधला, खालचा असे मजले निवडून संडास आणि स्वयंपाकघराचा नळ दोन्ही उघडा. निळं पाणी सिंकमध्ये आलं तर करार बाजूला ठेवा, आधी ती क्रॉस कनेक्शन शोधायची. फ्लशला निळं आलंच नाही, तर ती लाइन कुणीतरी कधीच तोडलेली आहे आणि तुमचे ३० किलोलिटरही गेले.

सळईच्या काँक्रीटसाठी पाणी विकायचं असेल तर आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे क्लोराइड ५०० मिग्रॅ/लि. च्या आत आणि सल्फेट ४०० च्या आत असल्याचा लॅबचा कागद लागेल. टँकरचं बोअरचं पाणी जास्त असेल तर क्लोराइड आधी तपासा. एमबीबीआर किंवा यूएफ तो काढत नाही.