मुदत संपली, किराया थकला, वरचा मजला रिकामा होत नाही: काय करावे?

प्रश्न (त्रिमूर्तीनगर)

सर्वांना नमस्कार. नागपूरला त्रिमूर्तीनगरात आमचे दुमजली घर आहे. खाली सासूबाई आणि मी राहतो आणि यजमान गेल्यापासून वरचा मजला किरायाने देतो, कारण सासूबाईंची औषधे आणि घरटॅक्स त्या पैशांवरच भागतो. सध्याचे कुटुंब दोन वर्षांपूर्वी आले, तेव्हा दलालाने स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करारनामा लिहून नोटरी करून दिला. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही," असे त्याने सांगितले आणि मी ते खरे मानले. ती मुदत संपून वर्ष उलटले. किराया दरमहा १२,००० रुपये ठरला आहे, परंतु तीन महिन्यांपासून एक रुपयाही आलेला नाही, आणि घर सोडण्याचा विषय काढला की "काकू, पोरीची दहावी होऊन जाऊ द्या" एवढेच उत्तर मिळते. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या कूलरची टाकी रात्रभर वाहत राहिल्याने आमच्या बैठकीच्या भिंतीत ओल उतरली आणि रंगाचे पोपडे आजही हाताला येतात. विजेचे मीटर एकच असून माझ्या नावावर आहे. वरची वीज तोडून टाका, म्हणजे आठ दिवसांत घर रिकामे होईल, असे पुतण्या म्हणतो. परंतु अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या खोलीतला दिवा घालवायला माझे मन धजत नाही. कायद्याने मला नेमके काय करता येते?

उत्तर (धरमपेठ, व्यवसायाने वकील)

ताई, वीज मुळीच तोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा घरमालकाने बंद करणे हा गुन्हा आहे. आज थकबाकीदार ते आहेत, उद्या आरोपी तुम्ही व्हाल.

दलालाने तुम्हाला चुकीचे सांगितले. एक वर्षाच्या आतील कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत केंद्राच्या नोंदणी कायद्यावरून आली आहे, पण आपल्या राज्यात याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने (म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी) देण्याचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. नोंदणी केली नसेल तर अटींबाबत किरायेदार जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. समोरच्याने आपण भाडेकरूच असल्याचा दावा केला, तर थकबाकीच्या कारणावरून दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, आणि त्यानंतरही न्यायालयात व्याजासह पैसे भरून ताबा टिकवण्याची संधी त्याला मिळते.

म्हणून माझा सल्ला असा, की मुलीच्या परीक्षेचा आधार घेऊनच बोलणी करा. परीक्षा मार्चमध्ये संपेल. तेव्हा ३० एप्रिलपर्यंतचा नवा लिव्ह अँड लायसन्स करार करून तो नोंदवा. त्यामुळे त्यांना पाच महिने निर्धास्त मिळतील आणि तुमच्या हाती कलम २४ येईल. मुदत संपूनही त्यांनी घर सोडले नाही तर तुम्हाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, बचावाची परवानगी त्यांना ३० दिवसांत मागावी लागते, आणि ताबा मिळेपर्यंत किरायाच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. खर्चाची भीती बाळगू नका. एकूण किराया आणि अनामतीवरचे १० टक्के दराने व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, जे तुमच्या बाबतीत काहीशे रुपयेच होईल. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. आधारवर अंगठा देऊन हे काम घरबसल्या होते.

उत्तर (मानेवाडा)

वकीलसाहेबांचे म्हणणे मोलाचे आहे. वीस वर्षे खोल्या किरायाने देतो आहे, म्हणून ओलीबद्दल सांगावेसे वाटते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर लावू नका असे कोणाला सांगता येत नाही, आणि सांगूही नये. मी प्रत्येक खिडकीबाहेर लोखंडी स्टँड स्वतः बसवून दिला, टाकीच्या तोटीपासून मोरीपर्यंत पाइप नेला, आणि पाणी भरताना नळीला फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी झडप) असलाच पाहिजे अशी अट करारात लिहिली. तेव्हापासून भिंती कोरड्या आहेत. भिंत रंगवायची घाई मात्र करू नका. आधी ती पूर्ण वाळू द्या, नाहीतर नवा रंगही सोलून निघेल.

वरच्या मजल्याला सबमीटर, म्हणजे तिथली वीज वेगळी मोजणारे मीटर, लावून घ्या, आणि दर महिन्याच्या एक तारखेला दोघांनी मिळून रीडिंग वहीत लिहून सह्या करा. माझ्याकडे विजेवरून झालेली भांडणे या एका वहीने मिटली.

उत्तर (बजाजनगर, किरायेदार)

दुसऱ्या बाजूनेही लिहितो. घर सोडताना अनामत परत मिळेल की नाही, या धास्तीने पुष्कळ लोक शेवटचे काही महिने किराया अडवून ठेवतात. ते योग्य नाही, पण ती धास्ती खरी असते. तुम्ही त्यांना आजवर पावत्या दिल्या आहेत का? मिळालेल्या पैशांची लेखी पावती देणे कायद्याने घरमालकावर बंधनकारक आहे. अनामतीतून थकबाकी आणि भिंतीचा खर्च किती वळता होईल आणि उरलेली रक्कम किल्ली देताना त्याच दिवशी मिळेल, हे नव्या करारात स्पष्ट लिहिले तर बोलणी सोपी होतील.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पावत्या मी खरोखरच कधी दिल्या नव्हत्या. काल संध्याकाळी वरच्या वहिनींना खाली चहाला बोलावून ओलीची भिंत दाखवली आणि ३० एप्रिलची गोष्ट काढली. त्यांचे यजमान ज्या कारखान्यात आहेत तेथे पगार थकले आहेत, हे मला कालच कळले. एका महिन्याचा किराया रविवारी देतो आणि करारावर सही करतो, असे त्यांनी कबूल केले आहे. उरलेली थकबाकी अनामतीतून वळती करायचे ठरले. सबमीटरसाठी वायरमन शनिवारी येणार आहे. एवढे सांगा, की नोंदणीसाठी सासूबाईंची सही लागेल का? घराच्या कागदांवर त्यांचे आणि माझे, दोघींचे नाव आहे.

उत्तर (धरमपेठ)

होय, दोघींना मालक म्हणून करारात घ्या. सासूबाईंच्या बोटांचे ठसे वयामुळे यंत्रावर उमटत नसतील तर आधीच आधार केंद्रात ते अद्ययावत करून घ्या. ज्येष्ठांच्या बाबतीत काम नेमके तेथेच अडते.