सोसायटी ग्रुप, लातूर : नववीला एसटी नाही

बी-३०४ (बाई): नमस्कार. जरा मोठं लिहितेय, पण पूर्ण वाचा. आपल्या विंगमध्ये चार घरी धुणं-भांडी करणाऱ्या ताईंना विचारूनच लिहितेय. त्यांची लेक गावी आजीपाशी राहते, यंदा आठवी झाली. गावची झेडपीची शाळा आठवीपर्यंतच. नववी सहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावात, आणि शाळेच्या वेळेला एसटी नाही. काल ताई म्हणाल्या, "पोरीला घरीच बसवा म्हणूलालेत समदे. स्थळं बी बघूलालेत." रात्री झोप लागली नाही मला. ज्या लातुरात बाहेरगावचे आईबाप खोली भाड्यानं घेऊन लेकरांना नीटच्या क्लासला ठेवतात, तिथून तासाभरावरची ही गोष्ट आहे.

ए-१०२: बाई, पण आरटीई, शिक्षण हक्काचा कायदा, आहे ना? शिक्षण तर मोफत आहे.

बी-३०४ (बाई): दादा, तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या लेकरांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत. नववीचं त्यात काही नाही, आणि पोरी नेमक्या तिथंच गळतात. ३१ वर्षं शिकवलं, दर जूनमध्ये हजेरीपटावरून कोणती नावं गेली ते मला तोंडपाठ असायचं. फी मुलींना बारावीपर्यंत माफच आहे. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीसुद्धा माफ केलीय. पण पोरगी दहावीलाच पोचली नाही तर त्या माफीचं तिनं काय करावं?

सी-२०१: सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींसाठीच असतात ना? पास पण फुकट असतो.

बी-३०४ (बाई): असतात, आणि त्यांच्यावर कितीतरी पोरी शिकल्यात. पण आमच्या गावाला फेरी द्या, असं कुणीतरी मागावं लागतं. त्या गावात ते कुणी मागितलंच नाही.

बी-१०१ (काका): बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ग्रुपवर राजकारण नको असं ठरलंय.

बी-३०४ (बाई): काका, मी कुण्या पक्षाचं नाव घेतलं नाही, घेणारही नाही. शाळा झेडपीची, गावचा रस्ता झेडपीचा, आणि त्या झेडपीत निम्म्या जागा बायकांच्या. मी ताईंना विचारलं, मत कुणाला देता? "मालक सांगत्यात त्याला." मालक म्हणजे नवरा. मग म्हटलं, मालकांनी पुढाऱ्यापाशी कधी पोरीच्या एसटीचं काढलं का? गप्पच बसल्या. यंत्रापुढं आपण एकट्याच असतो, कुणाला कळत नाही, हे मी त्यांना काल तीनदा सांगितलं.

माझी आई औसा तालुक्यातली, अक्षरओळख नव्हती. १९५२ ला पहिलं मत दिलं तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. त्या वेळी देशात, बहुतेक उत्तरेकडं, सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद चालू दिली नाही. आईनं मात्र स्वतःचं नाव सांगितलं होतं. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. मला शाळेत घातलं तेही तिनंच, घरात भांडून.

सी-४०३: बाई, लग्नाला तीन वर्षं झाली, मतदार यादीत माझं नाव अजून माहेरी परभणीलाच आहे. मागच्या वेळी मत दिलंच नाही 😔

बी-३०४ (बाई): फॉर्म ८ भर बाळा, नाव इकडं येईल. निवडणूक आयोगाच्या ॲपवर होतं. अडलं तर १९५० ला फोन कर.

डी-२०२: आज्जी, मला ऑगस्टमध्ये १८ पूर्ण होतील. जानेवारीपर्यंत थांबू का?

बी-३०४ (बाई): नको. १८ पूर्ण झाले का ते बघायला आता वर्षात चार तारखा धरतात, तुझी १ ऑक्टोबरची. नव्या नावाचा फॉर्म ६ आधीच भरता येतो.

सी-२०१: राज्यात २० ते २४ वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या २१.९ टक्के, आणि बीड-परभणीत त्याच्या दुपटीच्या आसपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे, २०१९-२१ चे आकडे आहेत. त्या पोरीची शाळा बंद म्हणजे काय सुरू होतं, ते यात दिसतं.

बी-१०१ (काका): बाई, मघाचं मनावर घेऊ नका. आमच्याकडं कामाला येतात त्यांना मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देतो. बाकीच्यांनीही द्यावी.

ए-१०२: आगारप्रमुखांना अर्ज लिहायचा असेल तर मी टाइप करून देतो. गावातल्या बायकांच्या सह्या लागतील.

बी-३०४ (बाई): रविवारी ४ वाजता पार्किंगमध्ये बसू. आधार आणि मोबाइल घेऊन या. ज्यांचं नाव यादीत सापडत नाही त्यांनी आधी या.

बी-३०४ (बाई): ताई आत्ता दारात आल्या होत्या. विचारत होत्या, "जावेला बी आणू का? तिची लेक सातवीला हाय." आणा म्हटलं.