अर्धांगवायूतून सावरणारे आईवडील, घर आणि बाग : आपले अनुभव लिहा

अंगणवेल

आमच्या गल्लीतल्या एका काकांना नुकताच अर्धांगवायूचा झटका आला. ते अजून दवाखान्यातच आहेत. त्यांच्या सुनेने काल मला विचारले की आमच्या कुंड्या तुम्ही नेता का, कारण सासऱ्यांचे करणे, मुलीची परीक्षा आणि स्वतःची नोकरी यांतून झाडांकडे कोण पाहणार. तिच्या बोलण्याने माझ्या बाबांच्या आजारपणातला उन्हाळा आठवला. ज्यांनी घर, बाग आणि आजारी आईवडील एकाच वेळी सांभाळले आहेत त्यांनी येथे लिहावे, ही विनंती. हा धागा मी तिलाही वाचायला देणार आहे.

बाबा कृषी खात्यातून निवृत्त झालेले होते. घरामागच्या सांदवाडीत त्यांनी लिंबू, गोडलिंब, मोगरा, पपई आणि हंगामाप्रमाणे वांगी, भेदरे (टोमॅटो), सांभार (कोथिंबीर) असे सगळे लावलेले होते. मेंदूच्या डाव्या भागातली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, त्यामुळे त्यांचा उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचाही गेली. त्यांना घरी आणले तेव्हा मार्च संपत आला होता. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत नागपुरात झाडांचे एका दिवसाचे पाणी चुकले तर काय होते, ते येथल्या कोणाला सांगायला नको.

आमच्याकडे नळ सकाळी येतो, आणि बाबांचे तोंड धुणे, अंग पुसणे, औषधे व मुलांचे डबे यांचीही तीच वेळ होती. म्हणून मी आधी बाग लहान केली. भाजीचे वाफे त्या वर्षी मोकळे ठेवले. कुंड्या घराच्या पूर्वेला, दुपारनंतर भिंतीची सावली पडते तेथे, एकमेकींना लावून ठेवल्या, वर हिरवी जाळी बांधली आणि झाडांच्या आळ्यांत तणसाचा जाड थर पसरला. लिंबाच्या व पपईच्या आळ्यात मातीची गाडगी गळ्यापर्यंत पुरली. ती रात्री भरून वर झाकण ठेवले की पाणी हळूहळू मुळांशी पाझरत राहते आणि सकाळची धावपळ वाचते.

बाग पूर्ण बंद करायची नाही, हे मात्र मी पक्के ठरवले होते, आणि त्याचे कारण झाडे नव्हती, बाबा होते. आजारी माणसाला सगळे जण दिवसभर सांगत असतात की उठा, गिळा, हात उचला, आता झोपा. त्याला कोणी काही विचारत नाही, आणि ज्याची वाचा गेली आहे त्याला तर मुळीच नाही. झाडांमधले मात्र बाबांना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होते आणि ते ज्ञान कुठेही गेलेले नव्हते. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले होते की मोकळा प्रश्न न विचारता दोन पर्याय द्यावेत, दोन्ही दाखवावेत, उत्तराला भरपूर वेळ द्यावा आणि अडलेला शब्द आपण पुरवू नये. मी त्यांची चाकांची खुर्ची मागच्या दारात आणून विचारत असे, "बाबा, ही फांदी छाटू की ही?" ते डाव्या हाताने दाखवत. पुढे "हो" आणि "नाही" आले, मग "पाणी" आले. वारांची नावे आणि पाढे तर त्याही आधी आले, कारण लहानपणापासून ओळीने म्हटलेल्या गोष्टी वाचा गेल्यावरही पुष्कळदा शिल्लक राहतात. सोमवार, मंगळवार म्हणता म्हणता कोणत्या वारी कोणत्या झाडाला शेणखत घालायचे ते आम्ही ठरवू लागलो.

बाबा पूर्वीसारखे बोलू शकले नाहीत. पण बागेत काय करायचे ते शेवटपर्यंत त्यांनीच ठरवले, आणि घरातल्या प्रत्येकाला ते त्यांना विचारावे लागत असे.

वैदर्भी

ताई, मी तुमच्याहून वेगळे केले, आणि तोही अनुभव येथे असावा म्हणून लिहिते. आई पूर्णपणे अंथरुणावर होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, नाकातल्या नळीने पातळ अन्न द्यायचे, ते देताना आणि त्यानंतरही निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, आणि कूस बदलणे रात्रीही चुकवायचे नाही. घरात मी, नवरा आणि दहावीतला मुलगा एवढेच होतो. गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या मी मैत्रिणींना दिल्या. त्याचे मला तेव्हा वाईट वाटले नाही आणि आजही वाटत नाही, कारण त्या दिवसांत मला मिळणारी तासाभराची झोप कोणत्याही मोगऱ्यापेक्षा मोलाची होती. तुमच्या शेजारणीला देऊन टाकावेसे वाटत असेल तर तिला अडवू नका. फक्त जवळच्यांना दे असे सांगा, म्हणजे पुढे काडी मागून तेच झाड पुन्हा लावता येते.

अंगणवेल

वैदर्भी, तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते. काका घरी येतील तेव्हा ते बसू शकतात की नाही, यावरच सगळे ठरेल. तोपर्यंत कुंड्या माझ्याकडे ठेवते.

मानेवाडाकर

माझ्या आईचा झटका उजव्या मेंदूतला होता, म्हणून डावी बाजू गेली. बोलणे शाबूत होते, पण तिच्या लेखी डावीकडचे जगच उरले नव्हते. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची, डाव्या बाहीत हात घालायचे राहून जायचे. नजर अधू नव्हती, मेंदू त्या बाजूची दखल घेत नव्हता. फिजिओथेरपिस्टने सांगितले की तिच्याशी बोलताना डावीकडून या, आवडीच्या वस्तू डावीकडे ठेवा आणि तिला मान वळवून शोधू द्या. आईच्या आवडीची शेवंती आम्ही पलंगाच्या डाव्या अंगाला खिडकीत ठेवली. "आज किती कळ्या आल्या आहेत ते मोजून सांग" असे म्हटले की ती आधी उजवीकडच्याच मोजत असे, मग हळूहळू मान वळू लागली.

तो हिवाळा होता, त्यामुळे घरात तुरीच्या ओल्या शेंगा येत होत्या. सोले काढण्याचे काम आम्ही तिच्याकडे दिले. पुढ्यात टेबल, टेबलावर परात, डावा हात शेंगांवर वजनासारखा ठेवलेला आणि उजव्या हाताने सोलणे. पुढे डाव्या बोटांत थोडी पकड आली तेव्हा त्या हाताने शेंग धरणे सुरू झाले. व्यायामाचा मऊ चेंडू दाबायला ती कंटाळायची, पण सोल्यांना कधी नाही म्हणाली नाही, कारण त्या सोल्यांची आमटी संध्याकाळी घरचे सगळे जेवणार होते. ज्या कामातून घराला काही मिळते ते काम रुग्ण मनापासून करतो, असे मला तेव्हापासून वाटते.

लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही ओढू नये, काखेत हात घालून उचलूही नये. खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे सांधा जागचा सरकतो आणि मग त्या दुखण्यापायी सगळे व्यायाम थांबतात. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही हे दारातच सांगत असू.

रात्रपाळी

मी सध्या ड्यूटीवर आहे, म्हणून थोडक्यात विचारतो. बाबांना आठवड्यापूर्वी घरी आणले आहे. घराशेजारी संत्र्याचे झाड आहे आणि ते सारखे तिकडे बोट दाखवतात. त्यांना पाण्याने ठसका लागतो. संत्रे द्यावे का? औषधांशी त्याचे काही वावडे आहे का?

जुना औषधनिर्माता

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि पहिला अधिक महत्त्वाचा आहे. ठसका लागतो याचा अर्थ गिळण्याची क्रिया अजून नीट झालेली नाही. अशा वेळी संत्र्याची फोड अवघड ठरते, कारण एकाच घासात साल चावायची असते आणि त्याच वेळी पातळ रस घशात उतरत असतो. नुसता रसही पाण्यासारखाच पातळ असतो. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय दोन्ही देऊ नका. तपासणीनंतर रस दाट करून चमच्याने देण्याची परवानगी बहुधा मिळते. खाताना पाठ सरळ आणि हनुवटी किंचित खाली असावी. घास गिळल्यानंतर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येत असेल तर थांबून डॉक्टरांना कळवावे. ठसका लागला नाही तरी अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

दुसरा भाग औषधांचा. कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या अटोरवास्टॅटिनसारख्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट आणि पपनस ही फळे जास्त प्रमाणात चालत नाहीत, कारण त्यांच्यामुळे औषधाची रक्तातली पातळी वाढते. आपले नागपुरी संत्रे त्यांत मोडत नाही. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. ज्यांना हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे झटका आला आहे आणि रक्त पातळ करणारे वॉरफेरिन सुरू आहे त्यांनी परसातल्या पालक-मेथीकडेही लक्ष द्यावे. या भाज्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे त्या औषधाचा परिणाम कमी होतो. भाजी बंद करायची नसते, तर दर आठवड्याला साधारण सारखीच खायची असते. हिवाळ्यात वाफा भरून आला म्हणून रोज पालक आणि मग महिनाभर काहीच नाही, असे झाले की रक्ततपासणीचे आकडे वरखाली होतात.

रात्रपाळी

काका, मनापासून आभार. उद्याच तपासणीची वेळ घेतो.

काटोलवाला

आमची संत्र्याची बाग काटोलकडे आहे आणि मी नागपुरात बँकेत नोकरीला आहे. बाबांना झटका आला तेव्हा गावातल्या काही वडीलधाऱ्यांचा आग्रह होता की आधी लकवा उतरवणाऱ्याकडे न्यावे. माझ्या चुलत्यांनी कोणाचेही न ऐकता गाडी थेट नागपूरला आणली. सीटी स्कॅन होऊन गुठळी आहे, रक्तस्राव नाही, असे ठरल्यावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले. ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तो वेळ माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून तोंड वाकडे झाले, हात खाली पडू लागला, बोलणे अडखळले की सर्वांत आधी घड्याळ पाहावे. निदान होण्याआधी घरच्या घरी अॅस्पिरिन देऊ नये, कारण झटका रक्तस्रावाचा असेल तर ते घातक ठरते.

बाबा घरी आले तेव्हा मृग बहाराचा ताण सुरू होता. झाडांचे पाणी तोडून त्यांना विश्रांती द्यायची आणि मृगाच्या पावसाने तो ताण मोडला की फुलोरा येतो, हे मला ऐकून माहीत होते, पण पाने किती सुकू द्यायची हे बाबांच्या नजरेलाच कळायचे. मी दर शनिवारी जाऊन मोबाइलवर झाडांची चित्रफीत काढायचो आणि त्यांच्या पलंगाशी बसून दाखवायचो. ते पाहून ते "अजून" किंवा "पुरे" एवढेच म्हणत. बँक, दोन मुले आणि शनिवार-रविवारची ये-जा यांत पत्नीची फार ओढाताण झाली, कारण बाबांची फिजिओथेरपी आणि घर या दोन्ही गोष्टी सगळा आठवडा तिने एकटीने पाहिल्या. बागेचे श्रेय लोक मला देतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

पारिजात

माझी आई शरीराने लवकर सावरली, पण मनाने खचली. बागेत नेले तरी ती पाहत नसे, कारण नसताना रडत असे, जेवण नको म्हणत असे. आम्हाला वाटले की बागेत बसवले की बरे वाटेल, आणि वर तुम्ही सर्वांनी लिहिले आहे ते वाचून कोणालाही तसेच वाटेल. परंतु झटक्यानंतर साधारण तीनांपैकी एका रुग्णाला नैराश्य येते आणि तो आजाराचाच भाग असतो. मेंदूविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनी तिने स्वतःहून विचारले की पारिजातकाची फुले कोणी वेचते का. रुग्णाला आवडते झाडही नकोसे झाले असेल तर ते डॉक्टरांना सांगण्याचे लक्षण समजावे.

सोनचाफा

पारिजात, हेच माझ्या सासूबाईंच्या बाबतीत झाले होते आणि आम्ही ते वयाचे समजत होतो. तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. कोणाला चार पायांची काठी आणि कमोडची खुर्ची भाड्याने कोठे मिळते हे माहीत आहे का?

मानेवाडाकर

सोनचाफाताई, मेडिकल चौकाच्या आसपास अशा साहित्याच्या दुकानांत चौकशी करा. काठी घेताना मात्र रुग्णाला बरोबर न्या किंवा माप न्या. उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम घेते, म्हणून घराघरांतून जे दिसते ते लिहिते. काठी नेहमी चांगल्या हातात असावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना अधू पाय आधी टाकावा. अंगणात उतरायला एकच पायरी असली तरी तेथे चांगल्या हाताच्या बाजूला कठडा बसवून घ्या, आणि परतताना तो दुसऱ्या बाजूला येतो म्हणून दोन्हीकडे बसवलात तर उत्तम. रुग्णाला वाकून खुरपे चालवू देऊ नका. कुंडी टेबलावर घ्या आणि दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशा खुर्चीवर बसवा. पिशव्यांत माती भरणे, बी टोकणे, वाळलेली पाने खुडणे ही कामे हातांसाठी चांगली आहेत, पण अधू हाताला संवेदना नसेल तर गुलाबाजवळ जाड हातमोजा घाला. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना काटा लागला तर तेथे बराच वेळ दाबून धरावे लागते.

नागपूरच्या उन्हाळ्यात अंगणातला वेळ सकाळी आठच्या आत आटोपावा. दुपारी उन्हात पडलेल्या पाइपमधले पहिले पाणी हात भाजेल इतके गरम असते आणि संवेदना नसलेल्या हाताला ते कळत नाही, म्हणून ते आधी वाहू द्यावे आणि चांगल्या हाताने पाहावे. पाणी दाट करून पिणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात फार कमी पाणी जाते. अशा रुग्णांच्या लघवीचा रंग रोज पाहावा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल उन्हाळा सुरू होतानाच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. कूलरची वायर चालण्याच्या वाटेवरून काढा आणि खाली टपकणारे पाणी लगेच पुसा. पावसाळ्यात मागच्या फरशीवर शेवाळ धरले की ते घासून काढेपर्यंत रुग्णाने बाहेर जाऊ नये. तेवढे दिवस दोन कुंड्या घरात खिडकीशी आणून ठेवल्या तरी व्यायाम चालू राहतो.