जुन्या चर्चच्या छताला मधोमध भोक कशाला ठेवत?

राजारामपुरीकर:
धाकटी बहीण नोकरीला जर्मनीत न्यूर्नबर्गला असते. सुट्टीत आल्प्समधल्या टिरोलला जाऊन आली आणि आता रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा मारा चाललाय. त्यातल्या दोन गोष्टी काही केल्या उलगडंनात.

पहिली, टिरोलमधल्या एका गावच्या चर्चचं छत. कमानी जिथं मिळतात तिथं गोल भोक, वरून लाकडी झाकण. मला आपल्या खिद्रापूरच्या देवळातला, वर गोल उघडा असलेला स्वर्गमंडप आठवला. पण तिथं एवढा बर्फ पडतो, छत उघडं ठेवून चालायचं कसं?

दुसरी, न्यूर्नबर्गच्या सेंट लोरेन्झ चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला एक दगडी मनोरा आहे. पार छतापर्यंत गेलाय आणि जागा संपली म्हणून शेंडा चक्क वाकवलाय! खाली एक दाढीवाला गुडघे टेकून तो पेलतोय. हा संत कोण?

इथं कोल्हापुरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये असलं काही बघितल्याचं आठवत नाही.

जुना ड्रॉइंग मास्तर:
वायल्डरमध्ये नसणारच बाळ, ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट मिशनचं चर्च. तुझ्या दोन्ही वस्तू मध्ययुगीन कॅथलिक उपासनेतल्या.

आणि तो दाढीवाला संत नव्हे, कारागीर आहे! आडम क्राफ्ट. हातातला हातोडा बघ. १४९३ ते १४९६ या काळात त्यानं हा जवळपास २० मीटरचा मनोरा उभा केला आणि खाली स्वतःलाच बसवलं. आपल्याकडं बहुतेक मूर्तिकारांची नावंही कळत नाहीत, हा गडी अख्खा बसलाय.

खरं काम मात्र खालच्या छोट्या जाळीदार कपाटाचं. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत अभिमंत्रित केलेली भाकर, म्हणजे कॅथलिक श्रद्धेप्रमाणं साक्षात ख्रिस्तशरीर, त्यात कुलपात ठेवत. आजारी माणसाकडं न्यायला ती लागायची. त्या काळात सामान्य माणूस ती खायचा फार क्वचित. १२१५ मध्ये रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेला 'वर्षातून एकदा तरी घ्या' असा नियम करावा लागला, यावरून ओळख. मग दर्शनाला महत्त्व आलं आणि कपाटावर मनोरे चढत गेले. जर्मनीतल्याच उल्मच्या चर्चमधला तर याहून उंच आहे.

पुढं सोळाव्या शतकात कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर वारं फिरलं. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी १५७७ मध्ये चर्चबांधणीच्या सूचना छापल्या, त्यात भाकरीची ही पेटी थेट मुख्य वेदीवर घ्यायला सांगितली. मनोऱ्याचं काम संपलं. न्यूर्नबर्ग त्याआधीच, १५२५ ला लुथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट झालं होतं, म्हणजे तिथं तर तो कधीचाच रिकामा. तरी कुणी फोडला नाही. इमहोफ नावाच्या बड्या घराण्याची देणगी होती ती, हात कोण लावणार!

भोकाचं आमच्या वसईच्या मित्रानं सांगावं.

वसईवाला:
मास्तर, तुम्ही अर्धं जेवण वाढून उठता.

राजारामपुरीकर, ते भोक आकाशात उघडत नाही, वर पोटमाळा असतो. त्यामुळे बर्फाचा प्रश्नच नाही. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला ख्रिस्ताची लाकडी मूर्ती दोरानं हळूहळू वर ओढत आणि सगळ्यांच्या देखत ती छतात दिसेनाशी होई. मग वरून फुलं पडत, कुठे कुठे पाणीसुद्धा. दहा दिवसांनी पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, त्याच भोकातून पवित्र आत्म्याचं लाकडी कबूतर खाली सोडत. काही ठिकाणी अग्निजिव्हा म्हणून पेटते बोळे टाकत, भाविकांच्या डोक्यावर! रोममधल्या पँथिऑन या प्राचीन इमारतीच्या छतातल्या भोकातून पेंटेकॉस्टला गुलाबपाकळ्या मात्र आजही टाकतात.

या पंगतीतला माझा लाडका म्हणजे चाकांवरचं लाकडी गाढव. येशू गाढवावरून जेरुसलेममध्ये आला त्या आठवणीत, झावळ्यांच्या रविवारी, पाठीवर येशू बसवून ते गावभर ओढत नेत. आज ही गाढवं बहुतेक संग्रहालयांत उभी आहेत, न्यूयॉर्क-लंडनलासुद्धा.

राजारामपुरीकर:
भारीच! पण एवढं रंगलेलं बंद का पडलं? लुथरमुळं?

जुना ड्रॉइंग मास्तर:
लुथरपंथी भागात तसंच. पण टिरोल कॅथलिकच राहिलं. तिथं हे बंद करायला निघाले ते कॅथलिक राज्यकर्तेच. १७८० च्या दशकात ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याच्या सुधारणांत असल्या नाट्यमय प्रथांवर गदा आली. बुद्धिवादाचा जमाना, साहेबांना हे पोरखेळ वाटले. गावकऱ्यांचा जीव मात्र त्यात होता. वर जाताना मूर्तीचं तोंड शेवटी ज्या दिशेला वळेल, तिकडून यंदा वादळ येणार, असा शेतकऱ्यांचा ठोकताळा असे. आता असली मूर्ती बंद करणार म्हटल्यावर गाव चिडणार नाही तर काय!

बहिणीला म्हणावं, पोटमाळ्यावर जाऊ देत असतील तर दोर ओढायचं काही शिल्लक आहे का बघ. फोटो इथंच टाक.

राजारामपुरीकर:
सांगितलं. म्हणते, "पुढच्या सुट्टीत. आणि आधी तुझा तो खिद्रापूरचा फोटो पाठव, इथं मैत्रिणींना दाखवायचाय."